दुखणं लांबलं की प्रार्थना लहान करा

पूर येतो त्या रात्री सहसा कुणाचा विश्वास जात नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, मग ४३ फुटांची धोका पातळी. सुतारवाड्यातली कुटुंबं आधी हलतात, मागोमाग बाकीच्या सखल भागातली. त्या दोन-चार दिवसांत प्रार्थना कर म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही माणसं एकमेकांना धरून होती आणि देवालाही. झीज सुरू होते ती नंतर. ऑक्टोबर उजाडतो. पंचनामा होऊन गेलेला असतो, भिंतीची ओल तशीच असते, गाद्यांचा वास जात नाही, कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात येतो. मदतीला आलेले लोक तोवर आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही.

आजारपणाचं असंच. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहायला जागा नसते. डायलिसिस सुरू होऊन सहा-सात महिने झाले की आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेल्या माणसाजवळ एकटी बायको बसलेली असते. हे लिहिणं त्या लांबलेल्या काळाबद्दल आहे.

अशा माणसाला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, आपण दोन सल्ले देतो: ‘विश्वास धरून राहा’ आणि ‘प्रार्थना वाढव’. पहिल्यात नेमकं काय करायचं ते कळत नाही. दुसरा बऱ्याचदा उलटा पडतो. थकलेल्या माणसाने प्रार्थना वाढवायची नसते, लहान करायची असते. इतकी लहान की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा ती पुरी होईल. उरलेला भार इतरांनी घ्यायचा असतो, आणि तोही कुणी काय घ्यायचं हे बसून ठरवून.

आधी झोप आणि भाकर

बायबलमधला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला (१ राजे १९). पुढे काय होतं ते बारकाईने वाचावं. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. आपण क्रम उलटा करतो. तीन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात जागलेल्या माणसाला आधी वचन ऐकवतो, आणि तो जेवलाय का हे विचारायचं राहून जातं.

म्हणून पहिल्या आठवड्यात विश्वासाबद्दल कुठलाही निकाल लावू नये. ‘देवाने मला टाकलं’ हेही नको आणि ‘देवाने हे मला शिकवण्यासाठी दिलं’ हेही नको. दोन्ही वाक्यं झोप न झालेल्या डोक्यातून येतात आणि मग वर्षानुवर्षं चिकटून बसतात. त्या आठवड्यात बघायचं ते एवढंच: दिवसातून दोन वेळा पोटात अन्न जातंय का, आणि सलग पाच-सहा तास झोप मिळतेय का. प्रार्थना म्हणून मार्क ९:२४ मधल्या, आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या बापाचं वाक्य पुरेसं आहे: विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाच्या बाबतीत मला मदत कर. त्या बापाला येशूने परत पाठवलं नाही.

दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून नुसती प्रार्थना लावून धरू नये. मनोविकार तज्ज्ञाकडे न्यावं. सरकारी रुग्णालयात ही सोय असते. टेली मानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत आहे. मरणाची भाषा करणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि ‘ख्रिस्ती माणसाने असं बोलू नये’ असं म्हणून गप्पही करायचं नाही. एलीया तसंच बोलला होता.

सात मिनिटांची प्रार्थना

आता ती लहान प्रार्थना. जागा ठरलेली असावी आणि वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधलेली असावी: सकाळचा चहा झाल्यावर, नळाचं पाणी भरून झाल्यावर, वॉर्डात असाल तर डॉक्टरांचा राऊंड संपल्यावर. रात्री झोपण्याआधीची वेळ या काळात धरू नये. दिवसभराची भीती तेव्हाच वर येते, आणि प्रार्थनेचं रूपांतर अंधारात पडल्या पडल्या काळज्या मोजण्यात होतं.

बसलात की बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. मनात नको, थकलेलं मन ओळी गाळतं, तोंड गाळत नाही. मग आपली अडचण देवाला एका वाक्यात सांगायची, आणि त्या वाक्यात आकडा किंवा तारीख असावी. ‘प्रभू, फार त्रास आहे’ असं म्हटल्याने मन मोकळं होत नाही. ‘प्रभू, १० तारखेला सोसायटीचा हप्ता आहे आणि घरात दोन हजार आहेत’ म्हटलं की भीतीला हद्द पडते. त्यानंतर आजच्यापुरती एक मागणी. पुढच्या वर्षाची नको. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागितली आहे. मग दुसऱ्या कुणा एकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी एक वाक्य. हे गाळू नये, कारण लांबलेलं दुखणं माणसाला स्वतःतच कोंडून टाकतं आणि हे एक वाक्य दार थोडं उघडं ठेवतं. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पूर्ण म्हणायचं, आमेन, आणि उठायचं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. उठायचं हाही प्रार्थनेचाच भाग आहे.

इथे चार ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, तक्रारीचं वाक्य वाढत वाढत अर्ध्या तासाचं होतं आणि माणूस बसला होता त्यापेक्षा जास्त घाबरून उठतो. घड्याळ समोर ठेवा. दुसरा, काहीच वाटत नाही. त्यावर काही करायचं नाही. आतून काही वाटणं ही प्रार्थनेची अट नाही. गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत येशूला शांत वाटत होतं असं कुठेच लिहिलेलं नाही, उलट शुभवर्तमान लिहिणारा लूक घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता म्हणतो. तिसरा, झोप लागते. उभं राहून म्हणा. चौथा घोटाळा सगळ्यात घातक: चार दिवस खाडा पडतो, मग अपराधी वाटतं, मग पाचव्या दिवशी भरपाई म्हणून तासभर बसायचं ठरतं, ते जमत नाही, आणि मग सगळंच सुटतं. थकलेल्या हप्त्यावर दंड लागतो, राहिलेल्या प्रार्थनेवर लागत नाही. सहाव्या दिवशी सहाव्या दिवसाची सात मिनिटं.

वॉर्डात असाल तर आणखी एक. शेजारच्या खाटेवरचा पेशंट नुकताच डोळा लागून पडलेला असतो, त्याचे नातेवाईक वेगळ्या श्रद्धेचे असतात. मोठ्याने वाचायचं ते कुजबुजत वाचा, आणि भेटायला आलेल्यांना टाळ्या वाजवून गाणी म्हणू देऊ नका. सोबतीला राहणाऱ्याने स्वतःची प्रार्थना पेशंटपासून वेगळी, व्हरांड्यात किंवा जिन्यात करावी. पेशंटच्या समोर त्याला राग आणि भीती बोलता येत नाही.

कोणती स्तोत्रं

१५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. रविवारच्या उपासनेत मात्र आपण बहुतेक स्तुतीचीच वाचतो, त्यामुळे संकटात सापडलेल्या माणसाला आपल्यासाठी शास्त्रात भाषाच नाही असं वाटतं. भाषा आहे, भरपूर आहे, फक्त काढून द्यावी लागते.

सुरुवात १३ व्या स्तोत्रापासून करावी. सहा ओव्या, मिनिटभरात वाचून होतात, आणि विलापाचा सगळा सांगाडा त्यात उघडा दिसतो. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ असं चार वेळा विचारलं आहे. तिसरी-चौथी मागणी करते: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड दे. पाचवी-सहावी भरवशाची. पहिल्या दोन ओव्या गाळून थेट पाचवीवर उडी मारायची आपल्याला सवय आहे. मग भरवसा पोकळ वाटतो, आणि वाटणारच.

४२ आणि ४३ एकत्र वाचावीत. जिवाला ‘तू का खिन्न झालास?’ असं विचारणारी ओवी त्यात तीनदा येते, म्हणजे एकदा विचारून मन सावरलं नाही हे लिहिणाऱ्यानेच कबूल केलं आहे. ७७ वं झोप न येणाऱ्यांसाठी. त्याचा पहिला अर्धा भाग सगळा ‘मी, मी’ असा आहे आणि दहाव्या-अकराव्या ओवीनंतर तो जुनी कृत्यं आठवण्याकडे वळतो. १३० वं खोल डोहातून हाक मारतं, ते अपराधाच्या भावनेने पोखरलेल्या माणसाला द्यावं. १२१ वं प्रवासाचं, दवाखान्याच्या वाटेवर गाडीत म्हणता येतं.

८८ व्याबद्दल थोडं सावधपणे. अठरा ओव्या, आणि शेवटी उजेड नाही. अंधारावर ते संपतं. पवित्र शास्त्रात ते तसंच ठेवलं आहे, कुणी शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, आणि ज्याला आशेची ओळ म्हणवत नाही त्याला हा फार मोठा आधार आहे: इथे बसूनही प्रार्थना होते. पण ते रात्री एकट्याने वाचू नये, रोज वाचू नये. आठवड्यातून एकदा, दिवसा, शक्यतो कुणाच्या तरी सोबत. राग आला असेल तर यिर्मयाचा २० वा अध्याय आहे. आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा संदेष्टा तिथे भेटतो. विलापगीताचा तिसरा अध्याय सगळ्यांना माहीत असतो तो २२-२३ व्या ओवीपुरता. आधीच्या वीस ओव्या वाचल्याशिवाय त्या दोन ओव्या कुणाला देऊ नयेत.

तीन माणसं

‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असा मेसेज मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, दीडशे जण हात जोडल्याची खूण टाकतात, आणि कुणालाच नेमकं काही माहीत नसतं. त्यापेक्षा तीन माणसं निवडावीत आणि त्यांना खरी गोष्ट पूर्ण सांगावी: निदान काय आहे, कर्ज किती आहे, घरात कोण कुणाशी बोलत नाही. तिघांत एक तरी असा असावा जो पाळक (मंडळीचा धर्मगुरू) किंवा वडीलवर्गातला (मंडळीच्या कारभाऱ्यांतला) नाही. अधिकाराच्या माणसासमोर माणूस बेताचंच बोलतो. एक तरी असा असावा जो स्वतः अशा वाटेने गेला आहे. आणि तिघांपैकी एकाने रोज विचारायचं. फोनवर दोन मिनिटं, ठरलेला प्रश्न: जेवलास? झोपलास? आज स्तोत्र झालं? इतकंच. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेने हात वर धरले की त्याचे लोक जिंकत; ते हात थकून खाली यायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याच्या बुडाखाली दगड सरकवला आणि दोन बाजूंनी हात धरले (निर्गम १७). ‘मोशे, विश्वासाने हात वर धर’ असं ते म्हणाले नाहीत.

घरी भेटायला जाणाऱ्यांनी काही पथ्यं पाळली तर बरंच दुःख वाचेल. एका वेळी दोघं किंवा तिघं, वीस मिनिटं. बारा जणांचा जथा गेला की त्या घरातली बाई बारा कप चहाच्या मागे लागते. जाताना डबा न्यावा आणि परतीचा डबा मागू नये. बसल्यावर पहिली दहा मिनिटं ऐकावं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाने त्यांनाच फटकारलं (ईयोब ४२:७). ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य सोडून द्यावं, कारण कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी रात्री सोबतीला मी राहतो, तू घरी जाऊन झोप’ हे सांगावं. लांबलेल्या दुखण्यात आठवड्यातून दोन रात्रींची अशी अदलाबदल जमली, तरी घरचा माणूस टिकतो.

पापाचं कारण शोधायला जाऊ नये. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, याने पाप केलं की याच्या आईबापांनी, आणि येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९). तरी आपल्याकडे तिसऱ्या भेटीला कुणीतरी हळूच विचारतंच.

बरं होणं आणि गोळ्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबाच्या पत्रात (५:१४) स्पष्ट आहे आणि करावं. त्यात औषध बंद करा असं कुठे आहे? प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याचा दुसरा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत गेला होता. त्रफिमाला तर पौलाने आजारी अवस्थेतच मिलेतात मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). ज्या प्रेषिताच्या हातून इतरांना आरोग्य मिळालं, त्याचा स्वतःचा सहकारी बरा झाला नाही, आणि पौलाने त्यावरून त्रफिमाचा विश्वास कमी ठरवला नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला.

कोल्हापूर भागात तर हे जास्त ठामपणे सांगता यायला हवं. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं. त्याच परंपरेतून पुढे दवाखाने उभे राहिले, मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, कोल्हापुरात मेरी वॉनलेस रुग्णालय आलं. प्रार्थना करणाऱ्या हातांनीच शस्त्रक्रिया केल्या. त्या मंडळ्यांच्या नातवंडांना कुणी ‘गोळी घेणं म्हणजे अविश्वास’ असं सांगत असेल, तर त्याला स्वतःच्या मंडळीचा इतिहास माहीत नाही.

नेमकं काय घडतं ते टीबीच्या उदाहरणाने समजतं. साध्या टीबीचा औषधोपचार सहसा सहा महिन्यांचा. पहिल्या दोन महिन्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. याच वेळी एखाद्या सभेत आरोग्याची साक्ष दिली जाते आणि गोळ्या बंद होतात. पण शरीरात जंतू शिल्लक असतात. तेच पुन्हा वाढतात, आणि आता त्यांच्यावर पहिली औषधं चालेनाशी होण्याचा धोका असतो. मग उपचार जास्त अवघड, आणि घरातल्या मुलांनाही धोका. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके पूर्वीपेक्षा वाईट येऊ शकतात. ज्या मुलाचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्याचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. साक्ष द्यायचीच असेल तर डॉक्टरांनी कोर्स संपल्याचं लिहून दिल्यावर द्या. तोवर देवाची स्तुती गोळी घेत घेत करता येते.

उपासाचंही तेच. तीन दिवसांची, एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना जाहीर झाली की मधुमेही माणसं भिडेखातर बसतात. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने, गरोदर बाईने, नुकतंच ऑपरेशन झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. त्या वेळेत मोबाइल बंद ठेवणं हाही उपास होतो, आणि काहींना तो जास्त जड जातो.

नवस, बी आणि सावकार

आजूबाजूला नवस बोलण्याची आणि फेडण्याची रीत आहे, ती नकळत आपल्या प्रार्थनेतही शिरते. ‘मुलगा बरा झाला तर पाच हजार देईन.’ मुलगा बरा झाला नाही की दोन दुःखं होतात, एक मुलाचं आणि एक देवाने सौदा नाकारल्याचं. बरा झाला आणि पाच हजार जमले नाहीत तर आणखी वेगळी भीती. असं बोलून गेलेल्या माणसाला पाळकाने स्वस्थ बसवून सांगावं की देव गहाण ठेवून घेत नाही.

मोबाइलवरचे काही उपदेशक ‘बी पेरा, शंभरपट उगवेल’ म्हणून कर्जात बुडालेल्याकडूनच पैसे घेतात. यावर माझं मत कडक आहे: कर्ज काढून दिलेलं दान मंडळीनेही घेऊ नये. पौल दानाबद्दल लिहितो ते जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही (२ करिंथ ८:१२). अडचणीतल्या कुटुंबाची वार्षिक वर्गणी कोषाध्यक्षाने स्वतःहून, यादी न वाचता माफ करावी. थकलेली वर्गणी वाचून दाखवली जाते म्हणून रविवारी न येणारी घरं आहेत, आणि त्यांना आपण ‘विश्वासात मागे पडलेले’ म्हणतो.

डीकनांना, म्हणजे मंडळीत मदतीचं काम बघणाऱ्यांना, दोन-तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखल होतानाच द्यावं, बिल हातात आल्यावर धावपळ नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेत सामील रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो, ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी त्याला भेटावं. खासगी सावकार धमकावत असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारावं, आणि नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. असल्या कागदांचा विश्वासाशी काय संबंध, असं कुणी विचारतं. प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात गोंधळ झाला, तेव्हा त्यासाठी सात माणसं नेमली गेली, आणि अट होती की ती आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावीत.

घरात एकट्यानेच विश्वास ठेवला असेल

ही अडचण वेगळी आणि बहुतेक लेखांत सुटून जाते. घरात एकटी सून किंवा एकटा मुलगा प्रभूच्या मागे आलेला, बाकी सगळे गौरी-गणपती, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा करणारे. तिथे रोजचं टोचणं हेच संकट असतं. पूजेत बसणार नाही हे सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर सांगू नये; महिनाभर आधी, घरातल्या वडीलधाऱ्याला एकांतात, शांतपणे सांगावं. आणि त्याच बोलण्यात आपण काय करणार तेही सांगावं: साफसफाई, स्वयंपाक, पाहुण्यांची उठबस, सासूबाईंच्या दवाखान्याचा खर्च. प्रेषित पेत्राने आपल्या पत्रात उत्तर देताना सौम्यतेने द्या असं सांगितलं, ते अशाच घरांतल्या लोकांना. प्रसादावरून भांडण उभं करण्याआधी मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे १ करिंथ ८ ते १० हे तीन अध्याय पाळकाबरोबर बसून वाचावेत. घाईने एक ओवी उचलणाऱ्याला तिथे दोन्ही बाजूंच्या ओव्या सापडतात. अशा माणसाला रविवारी येणं जमत नसेल तर मंडळीने आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, एका घरात तिघांची प्रार्थना ठेवावी. इब्री १०:२५ एकत्र मिळणं सोडू नका म्हणतं, वार सांगत नाही.

चार तारखा

प्रत्येक मंडळीत एका वहीची गरज असते. ज्या घरात मोठं संकट आलं त्या घराच्या नावापुढे चार तारखा लिहायच्या: सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा महिना, वर्ष. मृत्यू असेल तर पहिला नाताळ आणि गेलेल्याचा वाढदिवसही. पूरग्रस्त घरांसाठी पुढच्या वर्षीचा जुलै, कारण पहिल्या मोठ्या पावसाला छातीत पुन्हा धडधडतं. त्या तारखांना दोघांनी जायचं, काही विशेष करायचं नाही, फक्त जायचं. ही वही पाळकाकडे नको. पाळकाची बदली होते आणि वही कपाटात राहते. वडीलवर्गातल्या किंवा महिला मंडळातल्या लिहिण्याची सवय असलेल्या एखाद्या बाईकडे द्यावी.

आणि सात-आठ महिने न दिसलेला माणूस एखाद्या रविवारी मागच्या बाकावर येऊन बसला तर ‘इतके दिवस कुठे होता?’ विचारू नका. हात मिळवा, गीताचं पुस्तक द्या, शेजारी बसा. त्या दिवशी त्याला पुढे बोलवायचं नाही, साक्ष मागायची नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, रविवार असेल आणि तो घुटमळत असेल तर पाळकाने उपासनेआधी बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलावं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी हातात लहान काम द्यावं: सतरंज्या घालणं, पुस्तकं वाटणं. आणि कुणाच्या तरी घरी डबे पोचवायची पुढची यादी होईल तेव्हा त्यात त्याचंही नाव एका वारापुढे घालावं, तो गेले काही महिने कसा जेवला असेल हे त्या घरच्यांना त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.